कर्ण आडवा पडला तेव्हा

वहीच्या एकाच पानावर एकाच त्रिकोणाची दोन वेगळी उत्तरं होती. दुसऱ्या गणितात कर्ण (काटकोनासमोरची बाजू) १३, एक बाजू ५, उत्तर १२. सहाव्या गणितातही कर्ण १३, एक बाजू ५, पण उत्तर √१९४, म्हणजे साधारण १३.९३. दोन्ही उत्तरांखाली पट्टीने व्यवस्थित रेघ मारलेली. फरक एवढाच, की दुसऱ्या गणितातला त्रिकोण नेहमीसारखा उभा होता, काटकोन खाली डावीकडे. सहाव्या गणितात तोच त्रिकोण कर्णावर आडवा पडला होता आणि काटकोन वरच्या टोकाला गेला होता.

वही माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या एका मुलीची. समरूपता शिकून झालेली, पाठांतर पक्कं. पायथागोरसचं प्रमेय, म्हणजे कर्णाचा वर्ग हा काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा, कधीही विचारा, शब्दन् शब्द म्हणून दाखवेल. नऊ गणितांपैकी पाच बरोबर आणि चार चूक आली तेव्हा तिची तक्रार साधी होती. "ताई, सूत्र येतं मला. मग उत्तरं का चुकतात?"

प्रश्न रास्त होता. अशा वेळी शिकवणारा पटकन म्हणतो, "घाई करतेस." मीही तेच म्हणणार होते. पण पान पुन्हा पाहिलं आणि गप्प बसले, कारण चुका विखुरलेल्या नव्हत्या. चारपैकी तीन चुकांमध्ये काटकोन खालच्या कोपऱ्यात नव्हताच.

सहावं गणित वर आलंच आहे. आठव्यात त्रिकोण पुन्हा कर्णावर बसलेला, वरच्या दोन बाजू ८ आणि १५, खालची काढायची. उत्तर १७ यायला हवं. तिने १५ चा वर्ग २२५, त्यातून ८ चा वर्ग ६४ वजा केला आणि √१६१, म्हणजे सुमारे १२.६९ लिहिलं. नवव्यात कर्ण उजवीकडे उभा होता, लांबी २९, खालची तिरपी बाजू २०, वरची तिरपी बाजू अज्ञात. उत्तर २१. तिने दोन्ही वर्गांची बेरीज करून ३५.२३ काढलं.

म्हणजे ती डोळे मिटून बेरीज करत नव्हती. कुठे बेरीज, कुठे वजाबाकी, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या समजुतीला धरून. समजूत आकृतीच्या ठेवणीवर बेतलेली होती. सूत्र बिचारं निर्दोष होतं.

बरोबर आलेल्या पाचांकडे पाहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. ३-४-५, ६-८-१०, ९-१२-१५, १२-१६-२० आणि ५-१२-१३. सगळी पायथागोरसची त्रिकुटं, म्हणजे या प्रमेयात नेमक्या बसणाऱ्या तीन-तीन पूर्ण संख्या, आणि बहुतेक तोंडपाठ. कच्चं काम कुठेच नव्हतं. त्यामुळे त्या पाच बरोबर उत्तरांवरून तिला काय येतं हे फारसं कळत नव्हतं. चुकलेल्या चारांनी मला जास्त सांगितलं.

चौथी चूक वेगळ्या जातीची होती, ती आधी निकालात काढते. कर्ण २५, बाजू ७, त्रिकोण सरळ उभा. तिने √(६२५ − ४९) बरोबर मांडलं आणि पुढच्या ओळीत २५ − ७ = १८ लिहिलं. ५७६ चं वर्गमूळ २४ आहे हे आठवलं नाही, म्हणून मूळ आतल्या एकेका संख्येला वाटून टाकलं. ही चूक घरोघरी सापडते. "वर्गमूळ असं वाटता येत नाही" हे शंभरदा सांगून ती जात नाही. मी तिला फक्त म्हटलं, या तीन लांबीच्या काड्या घे आणि त्रिकोण करून दाखव. २५ ची काडी खाली ठेवली, वरून ७ आणि १८ जोडायला गेली, तर त्या दोन्ही खालच्या काडीवर सपाट झोपल्या. ७ आणि १८ मिळून बरोब्बर २५. ही चूक केली की दर वेळी असाच चपटा त्रिकोण मिळतो, कारण कर्णातून एक बाजू वजा करून आलेली लांबी त्या बाजूत मिळवली की पुन्हा कर्णच येतो. हे तिला इतकं आवडलं की तिने स्वतःहून आणखी दोन संख्यांवर करून पाहिलं. ती चूक त्यानंतर दिसली नाही.

बाकीच्या तीन चुकांनी मात्र बराच वेळ खाल्ला.

मी आधी सरळ रस्ता धरला. "कर्ण म्हणजे कुठली बाजू?" उत्तर लगेच आलं, "काटकोनासमोरची." अगदी बरोबर. मग सहाव्या आकृतीवर बोट ठेवायला सांगितलं. बोट गेलं उजवीकडच्या लांब तिरप्या बाजूवर, जी खरं तर काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी एक. "आणि ही १३ वाली?" "हा पाया." "आठव्यात तर दोन तिरप्या आहेत." "हो, म्हणून मोठी घेतली."

व्याख्या तोंडात एक, डोळ्यांत दुसरी. डोळ्यांतली व्याख्या अशी, की आडवी बाजू पाया, उभी बाजू उंची आणि तिरपी तो कर्ण. तिला कुणी खोटं शिकवलेलं नव्हतं. आपणच वर्गात घोकून घेतो, "कर्णाचा वर्ग बरोबर पायाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग." उभ्या त्रिकोणात ते चालून जातं. पण पाया आणि उंची हे शब्द मुळात क्षेत्रफळाच्या सूत्रातले. तिथे कुठलीही बाजू पाया मानता येते आणि उंची म्हणजे समोरच्या शिरोबिंदूतून तिच्यावर टाकलेला लंब. सहाव्या आकृतीत १३ ला पाया म्हणणं क्षेत्रफळापुरतं चुकीचं नाहीच. चूक होते ती तोच शब्द पायथागोरसच्या सूत्रात उचलून नेल्यावर. एकच शब्द दोन घरांत राहतो आणि मुलं त्याला एकाच घरचा समजतात.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत ही अडचण सुरुवातीलाच मिटवली आहे. तिथे बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावं आहेत. काटकोन करणाऱ्या दोघींपैकी हवी तिला भुज म्हणा, मग तिला आडवी जाणारी दुसरी ती कोटी, असं ते सांगतात. कुठली खाली आणि कुठली वर हा प्रश्नच उरत नाही. मी त्या दिवसापासून पायथागोरसच्या गणितांत पाया आणि उंची हे शब्द वापरणं बंद केलं. "काटकोन करणाऱ्या बाजू" म्हणायला लांब पडतं, पण चालेल.

आता उपाय. पहिला उपाय सोपा होता आणि म्हणूनच फसवा. वही फिरव. सहावी आकृती अशी फिरवली की काटकोन खाली आला, की ती क्षणात १२ म्हणाली. आठवी फिरवली, १७. नववी फिरवली, २१. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण तिच्या डोळ्यांतली व्याख्या जशीच्या तशी होती. मी फक्त वही तिच्या सोयीने फिरवली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी अशी आकृती दिली, जिला कसंही फिरवून उपयोग नाही. आधी ती तिच्याकडूनच काढून घेतली. १३ सेंटीमीटरचा रेषाखंड खग आडवा काढायचा. त्याचा मध्य घेऊन ६.५ सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ. मग कर्कटकात ५ सेंटीमीटर अंतर घेऊन ख पासून अर्धवर्तुळावर कंस मारायचा, छेदला तो बिंदू क. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो, त्यामुळे क पाशी ९०° मिळतातच. तिने गुण्या लावून खात्री केली. मग मी म्हटलं, आता कग मोज.

पट्टीवर १२ आले.

"तुझे १३.९३ इथे बसव बघू." तिने कर्कटकात तेवढं अंतर घेतलं, टोक ग वर टेकवलं आणि पेन्सिल फिरवली. कंस अर्धवर्तुळाच्या बाहेरून निघून गेला, कुठेच छेदला नाही. कग ही जीवा आहे आणि खग हा व्यास. वर्तुळात व्यासाहून लांब जीवा असू शकत नाही. काटकोन करणारी बाजू कर्णाहून मोठी का असत नाही, हे मी आजवर अनेकदा सांगितलं आहे, पण हवेत फिरणाऱ्या त्या पेन्सिलीएवढं चांगलं एकदाही सांगता आलेलं नाही.

शिवाय या आकृतीत कर्ण खाली असणं हेच साहजिक आहे, कारण त्रिकोण व्यासावर बसलेला असतो. युक्लिडने पायथागोरसचं प्रमेय सिद्ध केलं ते पहिल्या ग्रंथातल्या ४७ व्या विधानात, आणि त्याच्या प्रसिद्ध आकृतीतही काटकोन वर आणि कर्ण खालीच आहे. झोपलेला त्रिकोण काही विचित्र नाही. विचित्र सवय आपल्या पाठांची आहे, ज्यांत तो जवळजवळ नेहमी उभाच असतो.

मग क पासून खग वर लंब टाकला, लंबपाद म. एका आकृतीत आता तीन काटकोन त्रिकोण झाले. मोठा कखग, आणि त्याच्या पोटातले कखम आणि कगम. तिघांचे काटकोन वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. वही कुठे आणि किती फिरवणार?

प्रश्न दिला, खम किती? तिने कखम कडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ५ ही बाजू मोठ्या त्रिकोणात काटकोन करणारी होती. इथे तीच काटकोनासमोर आली होती. "मग हिला कर्ण म्हणायचं की नाही?" तिने विचारलं. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण हाच. तोवर कर्ण हा त्या रेषेचा रंग होता, एकदा लागला की लागला. आता पहिल्यांदा तो नात्याचा शब्द झाला. आत्या म्हटलं की कुणाची, हे विचारावंच लागतं. कर्णाचंही तसंच, कुठल्या त्रिकोणाचा?

इथे एक युक्ती तिच्याच कच्च्या कामातून निघाली. ती प्रत्येक त्रिकोणाचं नाव लिहून काटकोनाचं अक्षर खोडत होती. कखम मधला म खोडला, उरलं कख. कगम मधला म खोडला, उरलं कग. कखग मधला क खोडला, उरलं खग. प्रत्येक वेळी उरलेलं नाव कर्णाचंच! काटकोनाचा शिरोबिंदू कर्णावर नसतो, तेव्हा कर्णाच्या नावात त्याचं अक्षर कसं येईल? आकृतीकडे न बघता, नुसत्या अक्षरांवरून कर्ण सापडतो. आकृतीत अक्षरं दिलेली नसली, तर आधी ती आपण घालायची.

पुढचं काम तिने जवळपास एकटीने केलं. क्षेत्रफळ दोन रीतींनी मांडलं. काटकोन करणाऱ्या बाजूंवरून ½ × ५ × १२ = ३०. खग ला पाया मानून ½ × १३ × कम, तेही ३०. म्हणून कम = ६०/१३, साधारण ४.६२. इथे पाया हा शब्द पुन्हा आला, आणि या वेळी तो स्वतःच्या घरी होता. मग कखम मध्ये कर्ण ५ आणि कम माहीत असल्याने खम = २५/१३, सुमारे १.९२. उरलेला मग = १४४/१३, सुमारे ११.०८. दोन्हींची बेरीज १६९/१३, म्हणजे नेमकी १३. भूमितीमध्याचं प्रमेय, म्हणजे कर्णावर टाकलेला लंब हा कर्णाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाएवढा, तिने पाठ केलेलं होतंच, पण खम आणि मग यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ पुन्हा ६०/१३ आल्यावर ती म्हणाली, "हे खरंच येतं की!" प्रमेय खरं निघाल्याचं एवढं आश्चर्य वाटावं, हे मला जरा लागलं. असो.

उत्तर तपासायची एक सवयही याच दिवशी लावली. आकडेमोड करण्याआधी उत्तर कुठल्या दोन संख्यांच्या मध्ये पडणार ते समासात लिहायचं. कर्ण काढायचा असेल तर तो दोन्ही बाजूंपैकी मोठीहून मोठा आणि दोघींच्या बेरजेहून लहान. ८ आणि १५ असतील तर १५ आणि २३ च्या मध्ये. दुसरी बाजू काढायची असेल तर ती कर्णाहून लहान, आणि कर्णातून दिलेली बाजू वजा करून येईल त्याहून मोठी. कर्ण १३ आणि बाजू ५ असेल तर ८ आणि १३ च्या मध्ये. तिची चारही चुकीची उत्तरं या चाळणीत अडकली असती. १३.९३ वरच्या टोकाबाहेर, १२.६९ खालच्या टोकाबाहेर, ३५.२३ तर पारच बाहेर, आणि १८ बरोबर कडेवर. मात्र एक अट आहे. मर्यादा लिहायच्या तर कर्ण कुठला हे आधी ठाऊक हवं. चुकीची बाजू कर्ण धरली तर मर्यादाही चुकीच्याच येतात. म्हणून आधी अक्षर खोडणं आणि मग मर्यादा, हा क्रम बदलायचा नाही.

दोन आठवड्यांनी त्रिकोणमिती सुरू झाली आणि जुनं दुखणं नव्या नावाने परत आलं. त्रिकोण पफब, काटकोन फ पाशी, वरच्या टोकाला प, तिथला कोन ३५°, उभी बाजू पफ = १२, आडवी फब काढायची. टॅन म्हणजे संमुख बाजू (कोनासमोरची) भागिले लगतची काटकोन बाजू. तिने संमुख बाजू म्हणून उभी घेतली, टॅन ३५° = १२ / फब असं मांडलं आणि टॅन ३५° च्या किमतीने, ०.७००२ ने, भागून १७.१४ आणले. कोन खाली असलेल्या गणितांत उभी बाजूच संमुख होती ना, मग इथेही तीच. संमुख हा शब्दही तिच्या डोळ्यांत उभ्या बाजूला चिकटून बसला होता.

मी काही बोलले नाही, फक्त त्रिकोणाच्या नावाकडे बोट दाखवलं. तिने प खोडला. उरलं फब. "अगं बाई, ही समोरची!" मग १२ × ०.७००२, म्हणजे ८.४०. नंतर तिनेच एक चाळणी सुचवली. कोन ४५° पेक्षा लहान असेल तर त्याची संमुख बाजू लगतच्या काटकोन बाजूपेक्षा लहानच असायला हवी, मग १७.१४ कसं चालेल? ही तपासणी मी शिकवलेली नव्हती.

शेवटची परीक्षा आकृतीशिवाय घ्यायची होती, म्हणून लीलावतीतला बांबू काढला. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. तो बुंध्यापासून किती उंचीवर मोडला? तिने ३२ लाच कर्ण धरून √(१०२४ − २५६) केलं, २७.७१ आले. मग स्वतःच थांबली. "पण मग उभा भाग २७ आणि तिरपा ३२. बांबू साठ हातांचा झाला." पुसून पुन्हा आकृती काढली. उभा तुकडा अज्ञात, तिरपाही अज्ञात, फक्त दोघांची बेरीज ३२. तिरप्याच्या वर्गातून उभ्याचा वर्ग वजा केला की २५६ उरतात. वर्गांतली वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. बेरीज ३२, म्हणून फरक ८. तिरपा २०, उभा १२. पडताळा घेतला, १४४ आणि २५६ मिळून ४००. हे तेच जुनं ३-४-५, चौपट केलेलं, हे मात्र तिला मी सांगेपर्यंत दिसलं नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. अक्षर खोडायची युक्ती येत असूनही ती प्रत्येक आडवा त्रिकोण आधी समासात उभा करून काढते आणि मगच सोडवते. परवाच्या आठ गणितांत सात बरोबर आली. आठव्यात कर्ण ६१ आणि बाजू ११ होती, उत्तर ६०. समासात आकृती उतरवताना ६१ हा आकडा काटकोनाच्या बाजूवर जाऊन बसला आणि उत्तर ६१.९८ आलं. तिने मर्यादाही लिहिल्या होत्या, ६१ आणि ७२ च्या मध्ये. उत्तर त्यात नीट बसत होतं. चुकीची नक्कल चाळणीतून अलगद निसटली.

पुढच्या वेळी समास नसलेला कागद द्यायचा विचार आहे.